चार मिलिमीटर

खात्यात तिला सगळे चिमटाताई म्हणत. तोंडावर नव्हे, पण म्हणत. गुरांना क्षय झालाय का, हे तपासायचं तिचं काम. मानेवरची कातडी चिमटीत धरून मापकाने जाडी मोजायची, औषध टोचायचं आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजायचं. जाडी चार मिलिमीटरने किंवा जास्त वाढली, की सरकारी नियमाने जनावर रोगी. ते कळपातून जायचं, आणि उरलेल्यांचं दूध फेरतपासणीपर्यंत बंद. तेवीस वर्षांत तिच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

बाई तशी सरळ, पण धाकट्या बहिणीचं नाव निघालं की अंगाचा तिळपापड! वडिलांनी गोठा धाकटीला दिला. "थोरलीला नोकरी आहे, तिला गुरं कशाला?" झालं, एका वाक्यात निकाल. अहो, पहाटे उठून शेण कुणी काढलं होतं? थोरलीने. अडलेली गाय सोडवताना खांदा कुणी दुखावून घेतला? तोही थोरलीनेच. आणि आता धाकटीच्या फाटकावर 'रोगमुक्त कळप' अशी पाटी, डेअरीची गाडी दारात. चांदी नावाच्या गाईच्या आजीला थोरलीने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं, आणि ती चांदी धाकटीच्या एका हाकेला धावत येणार. बघवत नव्हतं तिला, साफ बघवत नव्हतं.

नातेवाइकांचा कळप तपासायचा नाही, असा नियम आहे. यंदा तिने ती फेरी मुद्दाम मागून घेतली. लग्नानंतर आडनावं वेगळी, कुणाला पत्ता लागतोय? पाटी उतरताना बघायची होती, बस्स.

तिसऱ्या दिवशी एकेक गाय मोजून होत गेली. सगळ्या ठणठणीत. ताईच्या कपाळावरची आठी वाढतच चालली. शेवटी चांदी आली. या कामात एक गोम आहे, ती करणाऱ्यालाच ठाऊक. बोटं सैल ठेवली की कातडी जाड भरते, आवळली की पातळ. औषध टोचल्या जागी गाठ हाताला लागली. तिने मापक लावलं, पहिल्या दिवशीचं माप वजा केलं.

"चार," ती म्हणाली.

धाकटीचा हात चांदीच्या पाठीवरच राहिला. "नीट बघितलंस?"

"बघितलं."

"मग बरोबरच असणार. दुसरं कुणी असतं तर मी भांडले असते गं. तुझं माप चुकत नाही."

ताईने आपल्या बोटांकडे पाहिलं. गाठ खरी, की बोटं सैल होती? तिने पुन्हा मोजून पाहिलं, पण आता बोटं किती आवळायची तेच ठरेना. शेजारी चाऱ्याच्या खोलीत खात्याचे डॉक्टर कागद भरत बसले होते. ती तडक तिथे गेली.

"साहेब, ही माझी सख्खी बहीण. हा कळप मी घ्यायलाच नको होता. तुम्ही मोजा. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

"हे आत्ता सांगताय? नोटीस निघेल तुमच्यावर!"

"निघू दे. आधी गाय बघा."

डॉक्टरांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. दोन निघू दे, दोनच निघू दे, असं ताई मनात घोकत होती. मत्सराचा कणही त्या घडीला उरला नव्हता.

"साडेचार," डॉक्टर म्हणाले. "तुमचं माप कमीच भरलं, बाई. बाकीची गुरंही मीच पुन्हा मोजतो."

गाय जाणार हे ऐकूनही ताईने आधी सुटकेचा श्वास सोडला. हाताने दगा दिला नव्हता तर! ती बहिणीजवळ गेली. "बघ, मी काही खोटं..."

"माप खरंच होतं गं," धाकटी म्हणाली. "पण चार म्हणालीस तेव्हा हसलीस तू."

"मी? काहीतरीच काय!"

"हसलीस, ताई. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होते."

डॉक्टरांनी रोगी जनावराच्या कानात मारायचा लाल बिल्ला काढला. चांदीचं डोकं धरायला ताई पुढे झाली, तर धाकटीने तिला हाताने बाजूला केलं आणि स्वतःच धरलं.