सलाईनचं चाक

हे मी कुणाला बोललो नाही. आईला नाही, संघटनेतल्या पोरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो.

"गरिबाला दवाखान्यात पाणीसुद्धा मोजून!" — हे पत्रक मीच लिहिलं होतं. बीडभर वाटलं. लोक पेटले. चीड खरी होती हो माझी — पण कुणाची यायला पाहिजे होती?

माझी आत्या नेकनूरची. जुलाब-उलट्यांनी पार गळाली, बीपी सापडेना, म्हणून बीडला एका खासगी दवाखान्यात आणली. डॉक्टरांनी पहिल्या बाटल्या भराभर सोडल्या. बीपी वर आलं. मग त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं अन् सलाईन एकदम हळू केलं — थेंब थेंब. माझं डोकं फिरलं. आमच्याकडं बाटली म्हणजे ताकद, पिवळी असली तर दुप्पट. अन् हे लोक हात आखडतात? का, तर आम्ही खेड्यातले?

सिस्टर म्हणाली, "भाऊ, नळीवरच्या चाकाला हात लावू नका. आता जास्त गेलं तर फुप्फुसात पाणी भरंल."

"शिरंतलं पाणी फुप्फुसात कसं जातं बाई? आमाला येडं समजता काय?"

ती दुसऱ्या खाटेकडं वळली — आणि मी चाक पूर्ण सोडलं. धार लागली. तेव्हा मला काय वाटलं सांगू? अभिमान.

बाटली उतरत आली तशी आत्या धडपडत उठून बसली. "दम लागायलाय रं." घशात घरघर, ओठांवर फेस. मी आधी चाक गुपचूप मागं फिरवलं. मग ओरडलो. हा क्रम नीट वाचा.

आत्या गेली.

माहीत नव्हतं म्हणू? सिस्टरनं सांगितलं होतं की!

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, सलाईन कुणी वाढवलं? सिस्टरनं माझ्याकडं बोट केलं. मी गरजलो, "मेलेल्या बाईच्या भाच्यावर ढकलती?" गर्दी तिच्या अंगावर गेली. मग मी ते पत्रक छापलं, तिच्या नावासकट. तिला कामावरून काढलं. ती कुठं गेली, मी कधी विचारलं नाही — पत्रकं वाटायला मात्र गल्लीगल्लीत फिरलो.

आत्याची लेक दर भाऊबीजेला मला ओवाळते. म्हणते, "दादा, माज्या मायसाठी तूच लढलास."

मी मान हलवतो. ताटात ओवाळणी टाकतो.