वाईनच्या खोलीची गरम हवा

मित्रांनो, मी एसी बसवतो हे तुम्हाला माहीतच आहे. आज पालीजवळच्या एका बंगल्यात, तळघरातली वाईनची खोली थंड ठेवायला मशीन बसवून आलो.

मालकाला दोन प्रकार सांगितले. एकाचा गरम हवा फेकणारा डबा बंगल्याबाहेर बसतो. दुसरं मशीन भिंतीतच बसतं, पण गरम हवा शेजारच्या खोलीत सोडतं.

"बाहेर डबा नको, शोभा जाती. शेजारी आईच असती, सोडा तिकडं."

"साहेब, म्हातारं माणूस भाजून निघेल."

"जन्मभर ऊस तोडलाय तिनं. तिला काय होतंय? बाटल्या मात्र खराब होत्यात."

मी भिंतीला भोक पाडायला घेतलं. म्हातारी खाटेवरून बघत होती.

"वारं यील का रं बाबा इथून?"

"यील, मावशी."

"देव तुझं भलं करो."

संध्याकाळी रोजच्यासारखा देवापुढं बसलो, पण हात जोडवले नाहीत. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्यानं बसवलं असतं, हे खरं. पण हा आशीर्वाद मी खोटं बोलून आणलाय. तो परत कसा करायचा, कुणाला माहीत आहे का?