उजेडासाठी हलवलेला बस थांबा

अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये शिंपीकाम करत. दुकान एका दाराचं. मशीन दारातच, कारण उजेड तेवढाच. समोर बसचा थांबा होता. बसची वाट पाहणारे पायरीवर टेकत, चौकटीला रेलत, आणि अण्णांच्या हातातलं काळं कापड आणखी काळं होई. "स्वल्प सरका की," ते दिवसभर म्हणत. लोक सरकत आणि पुन्हा रेलत.

पण उभ्या माणसाची नजर कुठेतरी जातेच. कुणाला सदऱ्याचं तुटलेलं बटण आठवे, कुणाला मुलीचं परकर-पोलकं. अण्णांचं निम्मं काम या रेलणाऱ्यांकडूनच येई. हे त्यांना कळलं नाही. मलाही नाही, आणि मी तर कॉलेजात शिकत होते. ही छपन्न-सत्तावन्नची गोष्ट.

कळलं होतं ते कोपऱ्यावरच्या कापडवाल्याला. आमच्याच जातीतला, आईच्या हातची कॉफी पिणारा.

"मामा, किती दिवस अंधारात सुई ओवणार? थांबा माझ्या दुकानापुढं नेऊ या. गर्दीचा त्रास मी सोसतो."

अण्णांना त्याचे उपकार वाटले. अर्ज मी लिहिला, वळणदार अक्षरात. अण्णांनी सही केली.

थांबा हलला. दुकानात उजेड आला. आठवडाभर अण्णा खुशीत होते. मग जुनी कापडं शिवून संपली आणि नवी आली नाहीत. कापडवाल्याने दारात बाक टाकला. वर्षाच्या आत दोन शिंपीही बसवले. अण्णा लख्ख उजेडात मांडीवर हात ठेवून बसत. एकदा म्हणाले, "आता कुणी रेललं तर चालेल मला." मी पुस्तकातून मान वर केली नाही.

अशीच आठ-नऊ वर्षं काढून ते गेले. तेराव्याला कापडवाला आला, व्यवस्थित जेवला, आणि विडा तोंडात टाकता टाकता म्हणाला, "अक्का, दुकान मला गोदामाला द्या. तिथनं कोण येत-जात नाही. मालाला बरं."

"का येत नाही?"

"काळ बदलला, अक्का."

"अर्ज काळाने केला नव्हता. मी लिहिला होता, तुम्ही सांगितलात तसा."

तो विडा चघळत राहिला. दुकान मी त्याला दिलं नाही, दुसऱ्या कुणालाही दिलं नाही. कुलूप आहे. पायरीवर आता कुणी टेकत नाही. तो कधी त्या बाजूने गेला तर बंद दाराकडे पाहतो, असं शेजारी सांगतात. पाहू दे.