साहेबाला नाही म्हणणं

माझा शेजारी आसगावात घरी बसून परदेशी कंपनीचं काम करतो. साहेबाला मेल लिहिली की ओट्यावर येऊन मला ती मराठीत सांगतो. आधी साहेबाची तब्येत, मग हवापाणी, आणि काम अगदी शेवटी. ऐकताना मला जांभई येते. साहेबाचं उत्तर एका ओळीचं असतं. ते वाचून हा दिवसभर तोंड पाडून फिरतो.

गेल्या महिन्यात साहेबाने विचारलं, शुक्रवारपर्यंत काम होईल का? याने लिहिलं, प्रयत्न करतो. आपल्याकडे एवढ्यावरून माणूस समजतो की होणार नाही. साहेबाने मात्र तो होकार धरला आणि पुढे गिऱ्हाइकाला शब्द दिला. काम झालं नाही. पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल, असं साहेबाने कळवलं आणि नवं काम बुधवारपर्यंत मागितलं.

"होते का बुधवारपर्यंत?" मी विचारलं.

"नाही होत, आजी."

"मंग तसंच लिही ना गा. कायले भेऊन राहिला?"

"मोठ्या माणसाले तोंडावर नाही कसं म्हणू?"

"मले तं लगेच म्हणलं."

शेवटी त्याने लिहिलं, "बुधवारी होणार नाही. शुक्रवारी नक्की देतो." पाठवताना डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने उत्तर आलं, "चालेल. आधी कळवलंत, बरं झालं."

ते त्याने तीनदा वाचलं आणि मला विचारलं, "आजी, राग तं नसन ना आला त्यायले?"