बिनबंदाची झबली

पोटातल्या पोराचं कापड आधी शिवू नये, हे कोल्हापुरात शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. शिवलं की सटवाईची नजर जाते म्हणतात. त्यामुळं मूल जन्मलं रे जन्मलं की घरोघरी तारांबळ. जुनी धोतरं फाडा, आजीच्या लुगड्याचं दुपटं करा, शिंप्याच्या हातापाया पडा. आणि शिंपी महाराज म्हणणार, "दसरा होऊ द्या, मग बघू."

ही धावपळ बघून कालिंदीच्या डोक्यात किडा वळवळला. सन एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नवरा अंबादास पाणीखात्यात नोकरीला, बिंदू चौकामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, लेक लीला नुकतीच हुपरीला पैंजणवाल्यांच्या घरी दिलेली. रिकामं घर आणि रिकामं मशीन. बाईनं ठरवलं, तयार बाळंतविडा विकायचा. झबली, टोपडी, कुंच्या, लंगोट, सगळं शिवून ठेवायचं. पोर झालं की बापानं यावं आणि घेऊन जावं.

अंबादासनं कपाळावर हात मारला. "अगं, पोर जन्मायच्या आधीचं कापड कोण घील? जोड्यानं हाणतील लोकं!"

"बंद कुठं लावतीया मी?" कालिंदी म्हणाली. "बंद न्हाईत तर ते झबलं न्हाय, नुस्ता कापडाचा तुकडा."

बघा, बाई कशी बेरकी! गिऱ्हाईक आलं की ती विचारायची, "मुलगा का मुलगी?" उत्तर मिळालं की सुईत दोरा ओवून समोरच बंद टाचायची आणि म्हणायची, "आता झालं झबलं. उदंड आयुष्य लाभू दे." लोकांना पटलं. सासवा खूश, बाप खूश. वर्ष-दोन वर्षांत पुढची खोली दुकान झाली आणि दारावर पाटी लागली.

पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. पोटुशी बाई त्या गल्लीतनं जायची नाही. चुकून आलीच तर बरोबरची म्हातारी तिच्या डोळ्यांवर पदर धरायची. एकदा एक म्हातारी दारातच पुटपुटली, "एवढी अंगडी टांगलीत, आनी आत एक पोर न्हाय." कालिंदी हसली. हसली खरी, पण त्या दिवसापासून संध्याकाळी दोरीवरची झबली वाऱ्यानं हलली की ती उठून खिडकी लावायची.

मग महाद्वार रोडच्या एका व्यापाऱ्यानं मोठी मागणी दिली. घर माळ्यापर्यंत भरलं. स्वयंपाकाची ताटं ठेवायला जागा उरली नाही. आणि त्याच महिन्यात हुपरीहून सांगावा आला, लीलाला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणजे इथंच.

सातव्या महिन्यात लीला आली, तिला पोचवायला सासू झुंबरबाई आल्या. दारात पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. भिंतीला झबली, माळ्यावर झबली, पाळण्यात झबल्यांचा ढीग.

"इनबाई," त्या म्हणाल्या, "एवढ्या ह्या कापडात माझी सून बाळंत व्हनार?"

"त्येंना बंद न्हाईत," कालिंदी घाईनं म्हणाली.

"ते तुमी गिऱ्हाइकास्नी सांगा." झुंबरबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आल्या एसटीनंच परत गेल्या.

लीला मात्र आईवर गेलेली. ढिगातलं एक मऊ मलमलीचं झबलं तिनं उचललं, गालाला लावलं आणि म्हणाली, "हे माझ्या बाळाचं. ह्येचं बंद मी लावणार, आई. आधी न्हाय, भिऊ नको. जन्मल्यावर."

एवढ्यावर निभावलं असतं हो! पण त्याच आठवड्यात चिमणाबाई नावाची एक गिऱ्हाईक आली. महिन्यापूर्वीच कुंची-झबलं घेऊन गेली होती. तिनं पिशवीतनं ते झबलं काढलं आणि मशीनवर ठेवलं.

"बंद उसवून घ्या," ती म्हणाली. "पोर ऱ्हायलं न्हाय. जिथलं तिथं दिऊन ये, म्हणाली सासू."

कालिंदीनं बंद उसवले. चिमणाबाई गेली तरी ते झबलं तिथंच पडून होतं. ते तिला फेकवेना आणि ठेववेना. आतल्या खोलीत लीला गुणगुणत भाजी निवडत होती. आता मात्र ती भ्याली, पुरती भ्याली.

आता तुम्हीच सांगा, शहाण्या बाईनं काय करावं? कापडं हलवावीत. शेजारी ठेवावीत, व्यापाऱ्याच्या गळ्यात मारावीत, नाहीतर पंचगंगेत सोडावीत! पण मागणी दिवाळीची, शब्द दिलेला, आणि दोन वर्षं खपून उभं केलेलं दुकान. तिनं कापडं हलवली नाहीत, लेक हलवली. गारगोटीच्या पलीकडं डोंगरात तिची थोरली बहीण राहायची, सगळे तिला अक्का म्हणत. तिच्याकडं लीलाला धाडायचं ठरलं. अक्काच्या घरात शिवलेल्या कापडाचं नखसुद्धा नव्हतं.

अंबादास पहिल्यांदाच ओरडला. "थोरला दवाखाना हितं हाकंवर हाय! आनी पोरीला डोंगरात धाडतीस? तिथं डाक्टर हाय का औशीद हाय?"

"सुईण हाय. आमची आई हितल्या दवाखान्यात बाळंत झालती व्हय?"

निघताना मलमलीचं झबलं घ्यायला लीलानं हात पुढं केला, तर कालिंदीनं ते मागं ओढलं. "मी घिऊन येती. येळ झाली की."

दिवस भरत आले तशी कालिंदी सकाळच्या एसटीनं अक्काकडं गेली. पिशवीत एका पुडीत झबलं, दुसऱ्या पुडीत बंद, तिसरीत सुईदोरा. झबल्याचा आणि बंदांचा एकमेकांना स्पर्श होऊ नये म्हणून मधे तांदळाचं गाठोडं. एवढी काळजी!

दुपारी लीलाच्या पोटात कळ आली. सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि तिचं तोंड उतरलं. "पोर आडवं हाय. गारगोटीला न्या."

एसटी कधीच परत गेली होती, पुढची संध्याकाळी. बैलगाडी जुंपली, अक्का आणि सुईणही बरोबर बसल्या. रस्ता कसला, नुसते धोंडे. प्रत्येक धक्क्याला लीला किंचाळायची आणि कालिंदी तिचं डोकं मांडीवर धरून एकच पुटपुटत होती, "बंद न्हाय लावलं गं, देवी, बंद न्हाय लावलं." गारगोटीचं पहिलं घर दिसायच्या आधीच, वाटेवर, आंब्याखाली गाडी थांबवावी लागली.

सुईणीनं कसंबसं पोर वळवलं. मुलगा झाला. एकदा रडला, अगदी बारीक. कालिंदीनं त्याला पदरात घेतलं, तळवे चोळले, छातीशी धरलं. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा तो गार पडला होता.

लीला वाचली. गाडीत पडल्या पडल्या तिनं विचारलं, "झबलं आनलंस?"

कालिंदीनं पिशवीतनं पुडी काढली.

"मग बंद लाव की," लीला म्हणाली. "जन्मलाय न्हवं तो?"

कालिंदीला सुईत दोरा ओवता येईना. शेवटी अक्कानं ओवून दिला. आयुष्यात शेकडो झबल्यांना बंद टाचले होते तिनं, पण त्या दिवशी दोन बंद लावायला तिला फार वेळ लागला. "उदंड आयुष्य" हे शब्द सवयीनं ओठांवर आले आणि तिनं ओठ दातांखाली धरले. त्याच झबल्यात पोराला तिथं, आंब्याच्या पलीकडं, मूठमाती दिली.

पंधरवड्यानं लीलाला घरी आणलं. येताना थोरल्या दवाखान्यावरनं टांगा गेला. दारात नेहमीसारख्या दोघी-तिघी बाळंतिणी पोरं घेऊन उभ्या होत्या. लीला बघत राहिली, कालिंदीनं मान खाली घातली.

घरात पाऊल टाकलं तर झबली जिथल्या तिथं. भिंतीला, माळ्यावर, पाळण्यात. एकालाही धूळ लागली नव्हती. कालिंदी गेल्यावर अंबादासनं पाळण्यातल्या ढिगावर घातलेली चादर तशीच होती.

लीलानं ती चादर उचलून बघितली, आणि पुन्हा नीट घातली.

"कापडं बरी हाईत की गं, आई," ती म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली.