न शिजणारी डाळ

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. मी कॉलेजात पर्यावरण शिकायला गेलो आणि पहिलं वर्षभर नुसतं रसायनशास्त्रच करत बसलो. आधी पाया पक्का करा, असं सर म्हणायचे. मला मात्र प्रयोगशाळेपेक्षा घरातलंच एक कोडं छळत होतं.

त्या वर्षी नवी वहिनी घरात आली होती, मांजरा नदीकाठच्या गावची. तिची डाळ शिजायची नाही. दोन दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा दाताखाली कचकचायचा. "माहेरी काय शिकिवलं गं तुला?" आई रोज म्हणायची. वहिनी मान खाली घालून फुंकणी फुंकत राहायची. मला तिची फार कीव यायची. त्याच चुलीवर, त्याच विहिरीच्या पाण्यात आईची डाळ मात्र लोण्यासारखी मऊ व्हायची.

एकदा सरांनी आपापल्या गावचं पाणी आणायला सांगितलं. मी औषधाची बाटली धुऊन आमच्या विहिरीचं नेलं. पाण्यात रंग टाकला की ते लाल व्हायचं. मग वरच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब रसायन सोडायचं आणि पाणी निळं झालं की थांबायचं. शेजारच्याचं चटकन निळं झालं. माझी नळी रिकामी झाली तरी लाल ते लालच. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून मी घाबरलो.

सर म्हणाले, "तू बरोबर केलंस. पाणीच लई जड हाय. विहीर आटली की आणखी जड होतं. असल्या पाण्यात डाळ शिजत न्हाई."

शाळेत मी 'दुष्फेन पाणी', म्हणजे क्षारांमुळे साबणाला फेस न येणारं जड पाणी, घोकून पास झालो होतो. ते आमच्याच हंड्यात असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

घरी पोचलो तो दारातूनच ओरडलो, "आई, वहिनीचा काय बी दोष न्हाई! पाणी जड हाय!"

आई ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "ठाऊक हाय की. म्हणून तर मी चिमूटभर सोडा टाकते."

माझी सगळी हुशारी तिथंच उतरली. वहिनीची फुंकणी थांबली. तिनं सासूला विचारलं,

"आत्याबाई, मग मला का न्हाई सांगितलं?"

आता सूप थांबलं.

"मला तरी कुणी सांगितलं व्हतं?" आई म्हणाली. "दोन वर्सं बोलणी खाल्ली, तवा कळलं."

मग ती उठली आणि कोनाड्यातली सोड्याची पुडी काढून वहिनीजवळ ठेवली.