तापीचा गाळ आणि आमच्या नणंदबाई

इतर माणसांना अधूनमधून राग येतो. आमच्या थोरल्या नणंदबाईंना अधूनमधून शांतता येई, आणि ती सर्दीसारखी दोन दिवसांत बरी होई. एरवी त्या रागातच राहत. रागातच उठत, रागातच वेणी घालत, आणि रागात घातलेली ती वेणी इतकी घट्ट असे की भुवया वर ओढल्या जाऊन चेहऱ्यावर कायमचं वऱ्हाडी ‘काहून?’, म्हणजे ‘का म्हणून?’, उमटलेलं असे. मी त्यांना ताई म्हणायची. त्या अमरावतीच्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या, लग्न न केलेल्या. लग्न का केलं नाही असं एका शेजारणीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘भांडायला घरातच माणूस मिळालं असतं, मग बाहेरच्यांना वेळ कुठून दिला असता?’’

त्या काळी, म्हणजे नव्वदनंतरच्या वर्षांत, आम्ही सुरतेला बमरोलीत राहत होतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि भिंतीपलीकडे पॉवरलूमची अखंड खटखट. त्या खटखटीत माणूस एक तर बोलणं सोडतो, नाहीतर ओरडायला शिकतो. ताई आल्या त्या दिवशी रिक्षावाल्याने त्यांना वाट वाकडी करून लिंबायत फिरवून आणलं होतं. त्यावर त्यांनी दारात उभं राहून जे भाषण केलं, ते ऐकून शेजारचा कारागीर खिडकीशी येऊन हात जोडून म्हणाला, ‘‘भाभी, जरा धीरे. धागा टूटता है.’’ शांत असल्या की ताई कॉलेजातली शुद्ध मराठी बोलत आणि रागावल्या की वऱ्हाडीत शिरत. त्यामुळे शुद्ध मराठी आमच्या वाट्याला फारशी आली नाही.

त्यांचं काम असं होतं. तापीच्या मुखाकडे एका कंपनीची जेट्टी होती. मोठी जहाजं लागायची तर तळ खोल हवा, आणि तापी तर गाळ आणून टाकण्यात हयगय करत नाही. म्हणून ड्रेजर लावून तो गाळ उपसायचा, बार्जमध्ये, म्हणजे तळ उघडणाऱ्या पडावात, भरायचा आणि लांब समुद्रात ठरवून दिलेल्या जागी नेऊन सोडायचा. यात पाणी नासत नाही ना, मासे मरत नाहीत ना, काठावरच्या लोकांचं नुकसान होत नाही ना, हे तपासायला बाहेरचं माणूस नेमलं पाहिजे अशी सरकारची अट होती. एका सल्लागार संस्थेने त्यासाठी ताईंना पाठवलं. कंपनीला वाटलं असेल, बाईमाणूस आहे, चहा घेईल, सही करील, जाईल. ताई चहा घेत नसत.

पंचाईत अशी की ज्या ठेकेदाराकडे गाळ उपसायचं काम होतं, त्याच्याच स्टोअरमध्ये आमचे हे नोकरीला. म्हणजे भाऊ गाळ काढणाऱ्यांचा आणि बहीण त्यांच्यावर नजर ठेवणारी. ताईंनी आल्याआल्या आपल्या संस्थेला फोन करून कळवलं, की माझा सख्खा भाऊ इथे आहे, तेव्हा मला हलवा आणि दुसरं कोणी पाठवा. संस्थेचे साहेब म्हणाले, काही हरकत नाही मॅडम. त्यांनी हरकत घेतली नाही याचाच ताईंना महिनाभर राग होता. ‘‘हरकत नाही म्हनते! अरे, तपासाले बसले का लग्न जमवाले?’’ मग त्यांनी स्वतःच नियम केला. घरात जेट्टीचं नाव काढायचं नाही. यांना कंपनीची जीप न्यायला येई. ताई त्या जीपमध्ये पाय ठेवत नसत. एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच जागी जायचं, पण भाऊ जीपने आणि बहीण आधी शटल, म्हणजे शेअर रिक्षाने आणि मग बसने. बस स्टँडवर ताई दगडासारख्या उभ्या, समोरून जीप जायची, हे आतून हात करायचे आणि ताई आकाशाकडे बघायच्या. संध्याकाळी जेवताना हे विचारायचे, ‘‘ताई, आज बस उशिरा आली का गं?’’ की ताईंचं उत्तर ठरलेलं, ‘‘ऑफिसचं बोलू नको.’’

माझ्या स्वयंपाकघराचं त्यांनी काय केलं ते सांगायला हवं. नमुन्याचा गाळ त्या बरण्यांतून घरी आणत आणि फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या शेजारी ठेवत. माझी पिठाची चाळणी त्यांनी गाळ धुवायला घेतली. चाळणीत राहिलेले किडे, शिंपल्या, गोगलगाई त्या भिंगाखाली धरून बघत बसत आणि त्या एवढ्या वेळापुरता त्यांचा आवाज खाली येई. ‘‘शोभा, हे जीव मेले की मासा उपाशी, आणि मासा गेला की माणूस,’’ असं म्हणत त्या तो किडा असा दाखवत, जणू भाच्याचा फोटोच. पाण्याचा गढूळपणा बघायला त्यांच्याकडे दोरीला बांधलेली एक काळीपांढरी चकती होती. ती पाण्यात सोडायची आणि कुठवर दिसते ते बघायचं. ती चकती एकदा त्यांनी आमच्या घरमालकाच्या टाकीत सोडली. पुढचे दोन तास घरमालक, त्याची बायको आणि त्याचा मेहुणा टाकी घासत होते आणि ताई वरून सूचना देत होत्या. मला त्या वेळी त्यांचा फार राग यायचा. चाळणी माझ्या माहेरची होती.

तर झालं असं, की काशीबेन नावाची एक कोळीण होती. खाडीच्या तोंडाशी तिच्या घरच्यांनी खुंटे रोवून जाळी लावलेली असत. त्या जाळ्यांत मासळीऐवजी काळा, वास मारणारा चिखल येऊ लागला. काशीबेनने जेट्टीवर जाऊन सांगितलं तर ठेकेदाराच्या मॅनेजरने तिला उभं केलं नाही. मग ताई गेल्या. मॅनेजर गोड माणूस. तो म्हणाला, ‘‘बेन, आ तो दरियो छे. दरियो ज लावे ने दरियो ज लई जाय.’’ म्हणजे समुद्रच आणतो आणि समुद्रच नेतो, आमचा काही संबंध नाही. ताईंनी तो चिखल हुंगला, चाळला, आणि जेट्टीजवळच्या तळात सापडणारे तुटके शिंपले त्यात बघितले. दुसऱ्या दिवशी कंपनीची लाँच न घेता त्या काशीबेनच्या होडीत बसून गेल्या. वळणाआड थांबल्या, आणि त्यांनी डोळ्यांनी बघितलं, की गाळ भरलेला बार्ज लांब समुद्रात न जाता तिथेच आला, त्याचा तळ उघडला आणि सगळी घाण जाळ्यांच्या अंगावर सोडून परत फिरला.

होडी काठाला लागताच ताई चिखलाने माखलेल्या तशाच जेट्टीवर धावत गेल्या, वायरलेसच्या खोलीत घुसल्या आणि ऑपरेटरच्या हातातून यंत्र हिसकावून ओरडल्या. राग टोकाला गेला होता, त्यामुळे वऱ्हाडीही टोकाची निघाली. आमच्याकडे खेड्यापाड्यांत ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा म्हणजे ‘काया’ आणि गाळ म्हणजे ‘गाय’. ताई ओरडत होत्या, ‘‘थांबवा ते बार्ज! गाय टाकून राह्यले पान्यात, गाय! सडका, काया गाय!’’

गुजरातेत हे वाक्य वायरलेसवर गेलं. ड्रेजर थांबला. बार्ज थांबले. जेट्टीवरचे मजूर काम टाकून कठड्याशी आले. बातमी गावात पोचली आणि लोक काठ्या घेऊन धावले, की कंपनीवाल्यांनी गाय पाण्यात टाकली. मॅनेजर जेवणावरून उठून तसाच हात न धुता आला. ‘‘बेन, गाय क्यां छे? कई गाय?’’

‘‘कई म्हंजे? सारा गाय! रोजचा टाकून राह्यले!’’

‘‘रोज?’’ मॅनेजर मटकन बसला.

अर्धा दिवस शोध चालला. शेवटी यांनी स्टोअरमधून येऊन मॅनेजरच्या कानात ‘ळ’ आणि ‘य’चा खुलासा केला. मग सगळे हसले. मजूर हसले, ऑपरेटर हसला, काठ्या घेऊन आलेले हसत घरी गेले आणि सगळ्यांत मोठ्याने मॅनेजर हसला. बार्ज पुन्हा सुरू झाले. यांनी घरी आल्यावर नियम मोडून हे सांगितलं तेव्हा मीही आधी हसले, आणि मग ताईंचं तोंड बघितलं. त्या शुद्ध मराठीत बोलत होत्या. ‘‘जी नव्हती त्या गाईसाठी अख्खं गाव आलं, शोभा. जो आहे त्या गाळासाठी एकटी काशीबेन.’’ ताईंचा राग मला पहिल्यांदा आपला वाटला तो त्या रात्री. आजही मॅनेजरचा त्या दिवशीचा हसरा चेहरा, मी न पाहिलेला, आठवला की हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं जातं.

ताईंनी जे बघितलं ते लिहून संस्थेला पाठवलं. संस्थेचे साहेब फोनवर म्हणाले, ‘‘मॅडम, एवढं कडक नको, ‘किंचित विचलन’ लिहू या.’’ ताईंनी फोन ठेवला की आपटला हे पीसीओवाल्याला विचारावं. पण कोळ्यांनी तोवर तक्रार केली होती, त्यामुळे दोन सरकारी साहेबांना यावं लागलं आणि गावच्या शाळेत सभा ठरली. ताईंना दोन डबे न्यायचे होते, म्हणून मला बरोबर घेतलं. डबे माझेच, स्टीलचे, दिवाळीच्या फराळाचे. एकात जेट्टीचा गाळ, दुसऱ्यात जाळ्यातला. साहेबांसमोर बिस्किटं मांडलेली, त्यांच्या शेजारी ताईंनी डबे उघडले आणि म्हणाल्या, ‘‘घ्या, हुंगा. एकच आहे का नाही ते तुम्हीच सांगा.’’ मोठे साहेब रुमाल नाकाला लावून मागे सरकले. धाकट्याने बिस्कीट खाली ठेवलं.

मॅनेजर शांतपणे उठला. म्हणाला, गाळ सगळीकडे सारखाच असतो; आमचे बार्ज प्रत्येक खेपेला ठरल्या जागी लांब जातात. आणि मग त्याला वाटलं असेल आपण फार हुशार आहोत. तो हसून म्हणाला, ‘‘माझं सोडा. मॅडमच्या सख्ख्या भावाला विचारा. तो आमचा स्टोअरकीपर आहे.’’

हे मागच्या बाकावर बसले होते. पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. यांची नोकरी गेली तर भाडं कुठून द्यायचं, हेच डोक्यात आलं. ताईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. हे उठले, गुडघा बाकाला आपटला, आणि नेहमीच्या पडेल आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, तितक्या लांब जाऊन यायला जेवढं डिझेल लागतं, तेवढं मी एकाही बार्जला कधी दिलेलं नाही.’’

त्यानंतर सभेत काशीबेन तेवढी बोलली. ‘‘सांभळ्युं?’’ ती मॅनेजरला म्हणाली. ‘‘हवे हसो.’’ ऐकलंत ना, आता हसा.

परतताना ताई पहिल्यांदाच भावाबरोबर एका बसमध्ये चढल्या आणि बमरोली येईपर्यंत त्याला झोडत होत्या. ‘‘तुले कोनं विचारलं होतं रे? मी होती ना भांडाले! नोकरी गेली ना आता, मूर्खा!’’

‘‘मॅनेजरनेच विचारलं, ताई,’’ हे म्हणाले.

त्यावर ताई खिडकीकडे तोंड करून रडल्या. तेही रागाने.

नोकरी गेलीच. पुढे पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये यांना काम मिळालं, तोवरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. बार्ज मात्र त्यानंतर खरोखर लांब जाऊ लागले. काशीबेन हे सांगायला बोंबलांची जुडी घेऊन घरी आली. ताई शाकाहारी, त्यांनी ती जुडी दोन्ही हातांनी घेतली आणि दिवसभर खुंटीला टांगून ठेवली. पण त्यांच्या संस्थेने त्यांना कामावरून काढलं. शेवटचा अहवाल दुसऱ्याच कुणाच्या नावाने गेला आणि त्यात सगळं समाधानकारक होतं म्हणे. समाधानकारक! कुणाचं समाधान, ते त्यात लिहिलेलं नसणार. ताई अमरावतीला परतल्या आणि एका कॉलेजात शिकवू लागल्या. सुरतेच्या स्टेशनवर हमालाशी, तिकीट तपासनीसाशी आणि शेजारच्या प्रवाशाच्या सामानाशी भांडत त्या गेल्या. घरी आलो तर खटखट एकदम मोठी ऐकू येऊ लागली.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे राहून आले. केस पांढरे झालेत, वेणी सैल झालीय, भुवया खाली उतरल्यात. सकाळी दूध आलं, ते इतकं पातळ की पातेल्याचा तळ दिसत होता. आता दूधवाल्याची खैर नाही म्हणून मी ताईंकडे बघत राहिले. त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, ‘‘असू दे गं शोभा. त्यालाही पोट आहे.’’

मला ते सहन होईना. मी चपला घातल्या, जिना उतरले, दूधवाल्याला कोपऱ्यावर गाठलं आणि भर रस्त्यात त्याच्याशी कडाकडा भांडले. वर बघितलं तर ताई गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि मन लावून ऐकत होत्या.